आरती येते, 'चहा' येत नाही: मावशीच्या मेंदूत नेमकं काय झालंय?

जिरावन · रविवार, रात्री १०:५२

पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. लांबलचक आहे, आधीच सांगते.

मावशी (वय ७२, इंदूर, रामबाग) गणिताच्या शिक्षिका होत्या. शाळेत त्यांचा दरारा असा की मुली सतरा आणि एकोणीसचे पाढे स्वप्नात म्हणायच्या. बीपीची गोळी 'आता बरं वाटतंय' म्हणून त्यांनी आपणहून बंद केली होती. हे आम्हाला नंतर कळलं.

रंगपंचमीच्या सकाळी उठल्या, तर तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लुळा, आणि बोलायला गेल्या की नुसतं 'ते… ते…'. आदल्या रात्री लग्नाचं जागरण झालं होतं, म्हणून सगळे म्हणाले थकली असेल, झोपू दे. पहिल्या दवाखान्यात गॅसची गोळी मिळाली. मग मोठ्या हॉस्पिटलकडे निघालो तर गेरीची, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीची, गर्दी! राजवाड्याकडचे रस्ते बंद, गाडीच्या काचांवर गुलाल, ड्रायव्हर म्हणतोय 'भिया, किधर से निकालूँ'. पोचेपर्यंत दुपार झाली. पक्षाघाताचा झटका होता, मेंदूच्या डावीकडच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती.

आता धरून चालतात. उजवा हात अजून साथ देत नाही. पण खरा घोळ बोलण्याचा आहे.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या. पन्हं, आंब्याची डाळ झाली, आरती सुरू झाली, आणि मावशी म्हणायला लागल्या! पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत, शब्द न् शब्द स्पष्ट. माझ्या हातातलं तबक हललं. आरती संपल्यावर मी धावत जाऊन विचारलं, 'मावशी, काय देऊ?' त्यांनी कपाकडे बोट दाखवलं, ओठ हलवले, कपाळावरची शीर फुगली, आणि 'ते… ते…'.

तेव्हापासून घरात कुजबुज सुरू आहे. नात्यातल्या एक बाई तर तोंडावर म्हणाल्या, 'आरती म्हणता येते मग चहा म्हणायला काय होतं? लाड करून घेतेय.' मावशीला हे सगळं ऐकू येतं, कळतंही. त्या दिवशी जेवल्या नाहीत.

कुणी सांगेल का, हे असं कसं होऊ शकतं? मला त्या बाईंना उत्तर द्यायचंय.

---

तिरकी_रेष · रविवार, रात्री ११:२०

वाचतेय. उत्तर मिळालं की मलाही हवंय, आमच्याकडेही असल्या बाई आहेत.

---

स्टेथोवाला · सोमवार, सकाळी ७:१५

मी फिजिशियन आहे, मेंदूतज्ज्ञ नाही, पण असे पेशंट बरेच पाहिलेत. पहिली गोष्ट त्या बाईंना सांगा: नाटक करणाऱ्याला उलट करणं सोपं जातं. 'चहा' म्हणणं टाळून अख्खी आरती म्हणून दाखवणारा नट मला अजून भेटलेला नाही.

आता मेंदूकडे येऊ. कॉलेजात डिसेक्शन हॉलमध्ये पाहिला तो फॉर्मॅलिनमधला मेंदू, रबरासारखा घट्ट. ऑपरेशन थिएटरमध्ये जिवंत मेंदू पहिल्यांदा पाहिला तेव्हा दचकलो. श्रीखंडाचा चक्का बांधून ठेवतो ना, त्याच्या जवळपासचा मऊपणा. वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम. चेतापेशी सुमारे ८६०० कोटी, आणि गंमत म्हणजे त्यातल्या जवळपास ८० टक्के मागच्या बाजूच्या लहान मेंदूत, जो आकाराने जेमतेम दहावा हिस्सा आहे. तोल आणि हालचालींचा मेळ हे त्याचं मुख्य काम. खाली खोडासारखा ब्रेनस्टेम: श्वास, हृदयाचे ठोके, जाग. हे दोन्ही तुमच्या मावशीचे शाबूत आहेत.

मार बसलाय तो वरच्या मोठ्या मेंदूला, डाव्या अर्ध्याला. डावा अर्धा शरीराची उजवी बाजू चालवतो, कारण मज्जातंतूंच्या तारा खाली उतरताना बाजू ओलांडतात. पाय सावरला आणि हात नाही, यालाही कारण आहे. मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा जणू नकाशा पसरलेला असतो, त्यात चेहरा आणि हात बाहेरच्या बाजूला येतात आणि पाय दोन अर्ध्यांच्या मधल्या फटीत. बाहेरच्या बाजूला रक्त पुरवणारी मिडल सेरेब्रल ही मोठी वाहिनी बंद पडली की चेहरा, हात आणि डावीकडे असेल तर वाचा, अशी तिन्ही एकदम जातात. पायाच्या भागाला मुख्यतः दुसरी वाहिनी पुरवते.

वाचेचं केंद्र डावीकडे असतं हे पहिल्यांदा ठाशीवपणे मांडलं पॉल ब्रोका यांनी. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा रुग्ण होता. २१ वर्षं तिथे होता आणि त्याला एकच अक्षर बोलता यायचं: 'तान'. विचारलेलं कळायचं, बोटांनी आकडे दाखवायचा, आणि फार चिडला की मात्र तोंडातून एखादी शिवी स्पष्ट निघायची. तो गेल्यावर ब्रोकांनी मेंदू पाहिला तर डाव्या कपाळामागच्या भागात खालच्या बाजूला जखम. त्या जागेला आजही ब्रोकाचं क्षेत्र म्हणतात.

'ते… ते…' आणि 'तान… तान…'. मावशीच्या बाबतीतलं चित्र ओळखीचं वाटतंय ना?

आरतीबद्दल रात्री लिहितो, ओपीडी आहे.

---

गच्चीवरचा · सोमवार, सकाळी ९:०३

स्टेथोवाला साहेब, छान लिहिलंय. पण एक राहिलं. आपण मेंदूचा फक्त १० टक्केच वापरतो म्हणतात. मग बाकीच्या ९० टक्क्यांतून मावशीची वाचा परत उघडता येईल की! आणि डावा मेंदू हिशेबी, उजवा कलाकार. आरती म्हणजे कला, म्हणून ती उजवीकडून आली. सोप्पं आहे.

---

स्टेथोवाला · सोमवार, रात्री ९:४०

गच्चीवरून खाली या, भिया. (हलके घ्या.)

१० टक्क्यांची गोष्ट खोटी आहे. वजनाने शरीराच्या २ टक्के असलेला मेंदू विसाव्याच्या वेळीही शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. नुसत्या ठेवून दिलेल्या गोदामावर एवढं वीजबिल कोण भरेल? आणि ९० टक्के रिकामं असतं तर जखम कुठेही झाली तरी नव्वद वेळा काहीच बिघडलं नसतं. प्रत्यक्षात बोराएवढी जखमही चुकीच्या जागी झाली तर माणसाचं अर्धं अंग लुळं पडू शकतं.

'डावा हिशेबी, उजवा कलाकार' हेही ढोबळ आहे. दोन्ही अर्धे २० कोटींच्या आसपास तंतूंच्या जाड पट्ट्याने जोडलेले आहेत आणि दिवसभर एकमेकांशी बोलतात. पण तुमचं अर्धं बरोबरही आहे, म्हणून चिडत नाही. बोलणं बहुतेक उजव्या हाताच्या लोकांत डावीकडे झुकलेलं असतं. चाल, स्वरांचे चढउतार यांत उजव्या बाजूचा मोठा वाटा. शिवाय पाठांतराचं बोलणं आणि नव्याने जुळवलेलं बोलणं ही मेंदूसाठी दोन वेगळी कामं आहेत.

'चहा दे' म्हणताना काय काय करावं लागतं पाहा: हवंय काय ते ठरवायचं, शब्द शोधायचा, ध्वनी क्रमाने लावायचे, ओठ-जीभ-घसा यांना हुकूम सोडायचे. आरतीत यातलं शोधणं उरतच नाही. साठ वर्षं दर चतुर्थीला म्हटलेली एकच लांब साखळी. पहिली कडी ओढली की पुढच्या आपोआप येतात. आकडे मोजणं, वारांची नावं, पाढे, शिवी, 'अरे देवा', हे सगळं याच जातीचं.

हे काही आजकालचं निरीक्षण नाही. १७४५ साली स्वीडनमध्ये ओलोफ दालिन यांनी एका माणसाची नोंद केली आहे: झटक्यानंतर बोलणं गेलं, पण ओळखीची भजनं सगळ्यांबरोबर गायचा. त्या गावातही 'लाड करून घेतोय' म्हणणारी एखादी बाई असणारच.

---

बडोद्याची_सून · मंगळवार, दुपारी २:१०

आमच्याकडे याच्या उलटं झालं होतं, म्हणून लिहिते.

सासरे मांडवीजवळच्या जुन्या घरात राहायचे, मराठी आणि गुजराती दोन्हीत पटाईत. झटक्यानंतर हातपाय धडधाकट. बोलणंही धडधाकट, पण अर्थ नाही! 'बेसना, ते पलंगाचं गालू दे ना वरती, पेली रेपटी कुठे गेली?' असं भरभर, हातवारे करत, मध्ये हसत. स्वर अगदी त्यांचाच. शेजारच्या काकांना दोन मिनिटं काही संशयच आला नाही, ते 'हा हा, बराबर' करत राहिले. आम्ही बोललेलं त्यांना कळायचं नाही, आणि आपण भलतंच बोलतोय हेही उमजायचं नाही. उलट आम्हीच ऐकत नाही म्हणून रागवायचे.

घरातल्यांना वाटलं वेड लागलं. एका मांत्रिकाकडेही नेलं, आता लिहायची लाज वाटते. वेड नव्हतंच ते. नक्की काय होतं, डॉक्टर?

---

स्टेथोवाला · मंगळवार, रात्री १०:०५

ताई, लाज कसली. बाहेरून पाहणाऱ्याला ते वेडच वाटतं.

१८७४ साली कार्ल वेर्निके यांनी, तेव्हा ते अवघे २६ वर्षांचे होते, नेमके असे रुग्ण वर्णिले. जखम कानामागच्या भागात, डाव्या टेम्पोरल लोबच्या वरच्या घडीत, मागच्या टोकाला. तिथे ऐकलेल्या आवाजाचा शब्द होतो. तो बिघडला की दुसऱ्याचं कळत नाही आणि स्वतःचं तपासता येत नाही. बोलण्याची गिरणी चालू, पण दाणा बदलतो. हालचालीचा भाग पुढे, जखम मागे, म्हणून हातपाय ठीक.

पुस्तकातलं चित्र असं दोन पेट्यांचं असतं: पुढे ब्रोका बोलतो, मागे वेर्निके समजतो, मध्ये तारांचा जुडगा. शिकवायला सोयीचं आहे, पण आता सगळे मानतात की भाषा जाळ्यासारखी पसरलेली असते. नुसतं ब्रोकाचं क्षेत्र दुखावलं तर वाचा बऱ्याचदा काही आठवड्यांत सावरते. कायमची जायला आजूबाजूचा आणि आतला भागही जावा लागतो. आणि मावशींना 'सगळं कळतं' हेही पूर्ण खरं नसतं. 'मांजराला कुत्र्याने पकडलं, पकडलं कुणी?' असं फिरवून विचारा, गडबड होऊ शकते. म्हणून वाक्य छोटं आणि सरळ ठेवा.

---

जिरावन · मंगळवार, रात्री ११:३०

हे विचारून पाहिलं!! मांजर-कुत्रा ऐकून मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आठवीतली ढ मुलगी आहे. पण उत्तरात बोट मात्र चुकलं. मग त्यांनाच कळलं चुकलं ते, आणि डोळे भरले. पुन्हा नाही विचारणार.

आणखी एक. त्या वैतागल्या की हिंदीत बोलतात! काल दूध उतू गेलं तर 'हे भगवान, क्या कर डाला' एका दमात. मराठीत मात्र 'ते… ते…'. मातृभाषा जाऊन हिंदी कशी राहिली?

---

उंबरठा · बुधवार, सकाळी ८:४५

मी स्पीच थेरपिस्ट. बरेच दिवस नुसती वाचत होते, आता राहवत नाही.

जिरावन, घाई करून 'हिंदी राहिली' म्हणू नका. वैतागातलं वाक्य पाठातलंच असतं, साठ वर्षं दूधवाल्याशी आणि भाजीवाल्याशी त्याच शब्दांत वैतागल्यात त्या. शांतपणे हिंदीत पाण्याला काय म्हणतात विचारा. बहुतेक तिथेही अडकतील.

दोन भाषांच्या माणसांबद्दल जुने दोन नियम सांगतात. रिबो म्हणत, आधी शिकलेली भाषा आधी परतते. पित्र यांनी १८९५ मध्ये मांडलं की आजारपणाच्या काळात जी रोज वापरात होती ती. माझ्या रुग्णांत दोन्हींचे अपवाद रोज दिसतात. बहुतेकांच्या दोन्ही भाषा बरोबरीने सुधारतात, मग एखादी जरा पुढे. इंदूरच्या मराठी माणसाची भाषा वेगळी काढायची तरी कशी? 'कढईत झारा घाल और हिला' हे एकच वाक्य असतं आमचं. घरात जी सहज येते ती बोला, 'मराठीतच सांग' असा हट्ट नको.

आणि दोन भाषा असणं वाया जात नाही. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अभ्यास छापला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली, निरक्षर माणसांतही. पुढे झटका आलेल्या ६०८ रुग्णांतही विचारशक्ती शाबूत राहण्याचं प्रमाण बहुभाषिकांत दुप्पट आढळलं. वाचा जाण्याचं प्रमाण मात्र दोघांत सारखंच होतं. असे अभ्यास सगळीकडे सारखे उतरलेले नाहीत, पण मला आपल्या माणसांवरचा अभ्यास म्हणून तो महत्त्वाचा वाटतो.

आता कामाचं. तुमच्या मावशींची साखळी शाबूत आहे ना, तीच शिडी करा. 'आज कोणता वार' हे थेट येणार नाही. सोमवारपासून सुरू करू द्या, बरोबर वाराला थांबायला शिकवा. किती पोळ्या? एकपासून मोजू द्या. बोस्टनमध्ये १९७३ पासून चालीत बोलायला शिकवण्याची एक पद्धत आहे: डाव्या हाताने ठेका धरायचा, 'च-हा-हवा' दोन सुरांत गुणगुणायचं, मग हळूहळू सूर काढून टाकायचा. गुण सुराचा, ठेक्याचा की पाठांतराचा, यावर अभ्यासकांची भांडणं चालू आहेत. चालू देत. आपण तिन्ही वापरू.

आणि कृपा करून त्यांची वाक्यं तुम्ही पूर्ण करू नका. दहा सेकंद थांबा. मनात मोजा. दहा सेकंद फार मोठे वाटतात, माहीत आहे.

---

गच्चीवरचा · बुधवार, सकाळी ९:३०

गच्चीवरून खाली आलो. सत्तरीच्या वडिलांच्या बीपीच्या गोळ्या मोजून पाहिल्या. पंधरा शिल्लक, असायला हव्या होत्या चार.

वाचनखूण साठवली.

---

स्टेथोवाला · बुधवार, दुपारी ३:२०

गच्चीवरचे, हा धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

जाता जाता सगळ्यांसाठी: तोंड वाकडं, हात पडतोय, बोलणं अडखळतंय, यातलं एकही अचानक दिसलं तर घड्याळ बघा आणि थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणी जा. मोठी वाहिनी बंद असेल तर मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तेही आधी स्कॅन करून, कारण आत रक्तस्राव असेल तर तेच औषध घात करतं. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल तर वेळ मोजतात ती माणूस शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून. काही ठिकाणी एमआरआय करून अशांनाही औषध देता येतं, काहींच्या वाहिनीतून गुठळी ओढूनही काढतात. पण ते ठरवायला आधी पोचायला हवं. जिरावन, तुमच्यावर ठपका नाही हा. गेरीच्या दिवशी मीही अडकलो असतो.

---

तिरकी_रेष · बुधवार, संध्याकाळी ६:००

त्या बाईंना उत्तर दिलंत का, ते सांगा आधी!

---

जिरावन · पुढचा गुरुवार, रात्री ८:१५

उशीर झाला, माफी. घरात पाहुणे होते. त्यांतच त्या बाईही होत्या.

स्टेथोवाल्यांचे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवणार होते. स्वीडनचा माणूस, तान, सगळं. प्रसंग आलाच नाही. बाईंचा नातू, पाचवीतला, मावशींसमोर बसून पाढे म्हणत होता. सकाळी मावशींकडून आम्ही सोमवार, मंगळवार करत गुरुवारपर्यंत पोचलो होतो, तर तो म्हणाला, 'आजी, तू चीटिंग करतेस, पहिल्यापासून म्हणतेस.' मावशी वाकड्या तोंडाने हसल्या. मग त्याने सतराचा पाढा लावला. सतरा साती एकशे एकोणीस. सतरा आठी एकशे छत्तीस. सतरा नवे एकशे त्रेचाळीस.

मावशींचा डावा हात खाटेच्या कडेवर आपटला. ठक. नातू थांबला. मी दहा सेकंद मोजायला लागले, आठवर आले असेन.

'त्रे… त्रेपन्न.'

बाईंनी पाहिलं. काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या आणि थोड्या वेळाने मावशींसाठी चहा घेऊन आल्या, बशीसकट. मावशी डाव्या हाताने प्यायल्या, निम्मा सांडला.

---

उंबरठा · गुरुवार, रात्री ८:४०

थांबा. मधूनच? वरून सुरुवात न करता?

---

जिरावन · गुरुवार, रात्री ८:४४

हौ. मधूनच. पाढा तो म्हणत होता, त्या नुसत्या ऐकत होत्या.

---

उंबरठा · गुरुवार, रात्री ८:४७

म्हणजे साखळी त्याने ओढली आणि चुकलेली कडी त्यांनी बदलली. तारीख लिहून ठेवा. आणि उद्या नातवाला पुन्हा बोलवा, एकोणीसचा पाढा चुकवायला सांगा.

---

जिरावन · गुरुवार, रात्री ९:०२

तो म्हणतोय चुकवायची गरज नाही, एकोणीसचा त्याला येतच नाही.